मिस्टर गेल्यावर सगळे म्हणतात "मन रमव", पण हातच चालत नाही, काय करू?

ताई, सगळ्यात आधी एक सांगते, नऊ महिन्यांनीसुद्धा सुई हातात धरवत नाही यात विचित्र असं काहीही नाहीये. तुम्ही लिहिलंय की मिस्टर गेले, मुलगा पुण्यात नोकरीला, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही एकट्या, आणि जो येतो तो सांगतो की काहीतरी छंद लावून घे, मन रमव. आधी तुम्ही भरतकाम करायच्या, दिवाळीत मोठमोठ्या रांगोळ्या काढायच्या. आता भरतकामाची पिशवी उघडली की रडू येतं आणि रांगोळी हातात घ्यायची म्हटली तर जाऊबाई काय म्हणतील याची धास्ती. मी नाशिकमध्ये गेली बरीच वर्षं समुपदेशन करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत जोडीदार गेलेले लोक खूप असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, एका बैठकीत वाचायची घाई करू नका.

हात का चालत नाही ते आधी. एक कारण शरीराचं आहे. माणूस गेल्यावर झोप तुटते, भूक मरते, आणि लक्ष एका जागी टिकत नाही, गॅसवर दूध ठेवून विसरणं, चष्मा फ्रिजमध्ये सापडणं हे सगळं त्यातलंच. म्हणून ज्या कामात टाके मोजावे लागतात, नक्षी डोक्यात धरावी लागते ती कामं सगळ्यात आधी सुटतात, कादंबरी वाचणं पण सुटतं, तेच पान परत परत वाचलं जातं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही जे काही करायचात ते बघणारा एक माणूस घरात होता. अर्ध झालं की "अहो, बघा ना कसं दिसतंय" असं म्हणायचं, आणि ते पेपरमधनं मान वर न काढता "छान आहे" म्हणायचे, हो ना? बऱ्याच घरात असंच असतं. ते "छान आहे" गेलं, म्हणून टाका घालण्यात अर्थ वाटत नाही. मग नुसता छंद लावून भागत नाही, ते बनवून दाखवायचं कोणाला याचीही काहीतरी सोय बघावी लागते, त्यावर पुढे येते.

आता हे "मन रमव" प्रकरण. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यात असं गृहीत धरलेलं असतं की दुःखापासनं जितकं लांब जाल तितकं बरं. तसं नसतं. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी जोडीदार गेलेल्या लोकांबद्दल एक मांडणी केली, ती मला रोजच्या कामात सगळ्यात खरी वाटते. ते म्हणतात की माणूस दोन बाजूंमध्ये येजा करत राहतो, कधी गेलेल्या माणसाकडे, म्हणजे आठवणी, रडणं, फोटो, आणि कधी पुढच्या जगण्याकडे, म्हणजे बँकेची कामं, नवीन ओळखी, एखादी नवीन गोष्ट शिकणं. ही येजा चालू असणं म्हणजेच तब्येत ठीक असणं. फक्त एकाच बाजूला महिनोन् महिने अडकून पडलं तर त्रास वाढतो. आणि ते दुःखाच्या पाच पायऱ्या वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ते डोक्यातून काढून टाका, एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते लिहिलं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतंच. "मी अजून कितव्या पायरीवर अडकलेय" असं विचारत बायका येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की दोन कामं धरा, एक ज्यात मिस्टरांना जागा आहे, आणि एक ज्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. दोन्ही छोटी.

पहिल्यासाठी मी बहुतेक वेळा गोधडी सुचवते. भरतकाम येणाऱ्या बाईला गोधडी सोपी वाटते आणि तेच हवंय, कारण धावदोऱ्याला मोजावं लागत नाही, हात एकदा लयीत आला की डोकं मोकळं राहतं, रडू आलं तर रडत रडत पण टाका पडतो. आपल्याकडे आज्ज्या हेच करत आल्यात, गेलेल्या माणसाचं धोतर, लुगडं फेकायचं नाही, गोधडीत घालायचं.

कशी करायची ते सांगते. एकदम डबलबेडची घ्यायची नाही, ती महिनोन् महिने पुरते आणि अर्धी राहिली की तिचंच ओझं होतं. बाळाच्या दुपट्याएवढी घ्या, मांडीवर मावेल अशी. खाली एक जुनी मऊ सुती साडी, मध्ये एखादी जुनी चादर किंवा अजून एक साडी, आणि वर त्यांच्या शर्टाचे तुकडे. सगळं कापड आधी धुवून घ्यायचं नाहीतर नंतर आटून गोधडी आकसते. पण थांबा, धुण्याआधी एक शर्ट बाजूला काढा. त्यांनी शेवटी घातलेला, न धुतलेला कुठला राहिला असेल तर तो झिपच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवा, वास एकदा गेला की परत आणता येत नाही आणि याची हळहळ लोकांना वर्षानुवर्षं लागून राहिलेली मी बघितलीय. आणि कापायला पहिला शर्ट घ्याल तो आवडता नको, साधा, त्यांनी क्वचित घातलेला घ्या, म्हणजे कात्री चालवताना हात थरथरणार नाही. टेरिकॉटच्या शर्टातनं सुई जाताना त्रास होतो, सुती असेल तर बरं. तुकडे काढताना खिसा अख्खा उसवून ठेवा. तो गोधडीच्या मधोमध लावायचा, तीन बाजू शिवायच्या आणि वरची उघडी सोडायची.

सातपूरच्या कंपनीत नोकरी केलेल्या एकांच्या मिसेस होत्या (ओळख कळू नये म्हणून बाकीचे तपशील बदलते), त्यांनी युनिफॉर्मच्या निळ्या शर्टांची अशी गोधडी केली. त्या खिशात त्या चिठ्ठ्या टाकायच्या. आज गॅस संपला, आज नातीचा दात पडला, आज तुमच्या मित्राचा फोन आला होता, असल्या दोन ओळी. पहिल्यांदा माझ्यासमोर त्यांनी खिसा शिवला तेव्हा जवळजवळ अर्धा तास एकाच बाजूला बोट फिरवत बसल्या होत्या, कारण तिथे शाईचा डाग होता, पेन गळाल्याचा, ज्यावरनं त्यांचं लग्नानंतर कित्येकदा भांडण झालेलं. तो डाग त्यांनी मुद्दाम वरच्या बाजूला दिसेल असा घेतला.

तर शिवताना कडेपासनं सुरू करायचं, चारी बाजूंनी एक फेरा, मग बोटभर आत दुसरा फेरा, असं करत मध्यापर्यंत. आधी मोठे कच्चे टाके मारून घ्या म्हणजे थर सरकत नाहीत. टाके वाकडे आले तर उसवू नका, उसवायला बसलात की भरतकामवाल्या बाईची परीक्षा सुरू होते आणि ती आत्ता नकोय. दिवसातनं एकच फेरा, जमला तर. नाही जमला तर नाही.

कोणी म्हणेल याला पुरावा काय. तर गोधडीवर कोणी प्रयोग केलेला माझ्या माहितीत नाही, पण गिरिजा कैमल यांनी अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं चित्र, माती, कोलाज असलं काहीही करायला दिलं होतं, २०१६ चा अभ्यास आहे, त्यात साधारण ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं, आणि कला येत असण्या-नसण्याने फरक पडला नाही. ते काही दुःखात बुडालेले लोक नव्हते त्यामुळे त्यावरनं फार मोठं काही सांगता येणार नाही, पण हाताने काही केलं की शरीर सैल पडतं हे माझ्यासमोरच्या खुर्चीत रोज दिसतं.

लिहिण्याबद्दल. पुष्कळ जण सांगतात डायरी लिही, मन मोकळं होईल. जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातलं सगळ्यात जड ते लिहायचं, आणि त्याचे फायदे नोंदले गेले. पण नुकतंच कोणी गेलंय अशा लोकांच्या बाबतीत हा फायदा तितका ठाम दिसलेला नाही, त्यामुळे लिहिल्यावर जास्तच खचल्यासारखं होत असेल तर बिनधास्त सोडून द्या. ज्यांना लिहायचंय त्यांना मी सांगते की "मला काय वाटतं" असं लिहू नका, त्यांनाच पत्र लिहा. अहो, म्हणून सुरू करा. भांडण पण लिहा! सगळं गोडगोडच लिहायचं अशी सक्ती नाही, हॉस्पिटलमध्ये त्यांनी ऐकलं नाही, पैशाचं काही सांगून गेले नाहीत, राग असेल तर तो पण कागदावर येऊ दे. आणि लिहिता येत नसेल तर बोला, फोनवर रेकॉर्ड करा. आपल्या बायकांनी पूर्वी जात्यावर काय केलं, हेच ना? नवरा, आई, भाऊ, सगळ्यांचं दुःख दोन ओळींच्या ओवीत बसवलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या पुष्कळ बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तुम्ही गोधडी शिवताना दोन ओळी सुचल्या तर गुणगुणा, कोणाला ऐकवायच्या नाहीयेत.

फोनवरनं आठवलं, हे मात्र घाईने करा. मिस्टरांचा नंबर चालू आहे का बघा. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर डिलीट होतं. त्यांचे व्हॉइस मेसेज, "येताना कोथिंबीर आणू का" असले अगदी फालतू वाटणारे सुद्धा, तुमच्या फोनमधून मीडियासकट एक्सपोर्ट करून मुलाला पाठवा, त्याला दोन ठिकाणी कॉपी ठेवायला सांगा. लगेच ऐकायलाच पाहिजे असं नाही. मुलाला हे काम द्या, त्याचे पण वडील गेलेत आणि तो पुण्यात बसून नुसतं "आई जेवलीस का" विचारण्यापलीकडे काय करावं हे न कळून बसला असणार.

आता रांगोळी. ताई, हा प्रश्न तुम्ही शेवटी आणि एका ओळीत लिहिलाय, पण मला वाटतं तोच सगळ्यात टोचतोय. नवरा गेलेल्या बाईने रांगोळी, कुंकू, हळदीकुंकवाची ताटं यापासून लांब राहायचं हे तुमच्या दुःखावर वरून लादलेलं दुसरं दुःख आहे आणि ते सहन करायची काहीही गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण तसं करायला सांगितलं. एक खेडं हे करू शकतं तर इंदिरानगरच्या सोसायटीत तुमच्या दारात चार ठिपक्यांची रांगोळी निघायला काय हरकत आहे. तरी एकदम दाराबाहेर काढायची हिंमत होत नसेल तर घरात काढा, पाटावर, त्यांच्या फोटोसमोर, रोज सकाळी पाच मिनिटं. रांगोळीचं एक चांगलं असतं की ती दुसऱ्या दिवशी पुसायचीच असते, पूर्ण झाली, टिकली पाहिजे असलं काही डोक्यावर नसतं. मग गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावर पाडवा पटांगणावर बायका मिळून महारांगोळी काढतात ती नुसती बघायला जा, वाटलं तर पुढच्या वर्षी रंग भरायला बसा. जाऊबाई बोलल्याच तर "ह्यांना आवडायची" एवढं म्हणा, त्यापुढे खुलासा देऊ नका.

आता दुसरं काम, ज्यात ते नाहीत असं. इथे बायका अडखळतात, अपराधी वाटतं, ते नाहीत आणि मी मजा करायला चालले. पण आठवड्यात दोन तास तरी अशी जागा हवी जिथे तुम्हाला कोणी "अरेरे" चेहऱ्याने बघत नाही. सावानाचं, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचं, सभासदत्व घ्या, १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, कादंबरी जमत नसेल तर मासिकं चाळा, चित्रांची पुस्तकं बघा, आणि मुख्य म्हणजे कपडे बदलून घराबाहेर पडणं होतं. कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम असतात, मागच्या रांगेत बसायचं आणि नकोसं झालं की उठून यायचं. थंडीत कोणाबरोबर तरी नांदूरमध्यमेश्वरला जा, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलंच, हिवाळ्यात लांबलांबचे पक्षी येतात. मी पक्ष्यांचं का सांगते तर दुर्बिणीला डोळा लावला की बोलावं लागत नाही, शेजारचा माणूस पण गप्प असतो, आणि नजर लांबवर जाते. नऊ महिने भिंतींकडे बघून बसलेल्या माणसाला हे फार बरं वाटतं. वही न्या, बदक ओबडधोबड काढा, खाली तारीख टाका, बास.

स्वयंपाकाचं थोडक्यात, कारण प्रत्येकीचं वेगळं असतं. दोन कपांचा चहा हात आपोआप टाकतो, त्याला इलाज नाही, टाकला तर टाकला, वॉचमनला द्या. त्यांच्या आवडीचा पदार्थ कायमचा बंद करू नका, महिन्यातनं एकदा करा आणि एका माणसाला बोलवून वाढा. (आणि हे वाचणाऱ्यांत कोणी काका असतील ज्यांच्या मिसेस गेल्यात, त्यांना सांगते, बायकोच्या हाताचं वरण करून बघणं हा पुरुषांसाठी मी पाहिलेला सगळ्यात चांगला उपाय आहे. मुलींना, बहिणींना फोन करून विचारा ती फोडणीत काय घालायची, एका वहीत लिहा, चुकेल, परत करा. पुरुष बोलत नाहीत पण फोडणी का जळली यावर मात्र तासभर बोलतात आणि त्यात तिच्याबद्दल सगळं येऊन जातं.)

दाखवायचं कोणाला याकडे येते. फेसबुकवर टाकू नका, निदान सुरवातीला, तिथे पन्नास जण हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि कोणीच नीट बघत नाही. एकच माणूस ठरवा. मुलगा, एखादी मैत्रीण, समोरची शाळेतली मुलगी पण चालेल. दर रविवारी तिला जेवढं झालं तेवढं दाखवायचं. तिला आधीच सांगून ठेवायचं की कौतुक नको, नुसतं बघ आणि विचार हा तुकडा कशाचा.

पितृपक्षात त्यांची तिथी येईल, मग दिवाळी, वाढदिवस, वर्षश्राद्ध. या दिवसांच्या आधीचा आठवडा त्या दिवसापेक्षा जड जातो, हे माहीत असलं की घाबरायला होत नाही. त्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका. तिथीला जे विधी घरात होतात ते होऊ देत, त्याशिवाय तुमचं स्वतःचं एक छोटं काही ठेवा, गोधडीचा एक फेरा किंवा गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन थोडा वेळ बसणं. रामकुंडाची गर्दी नको असेल तर सोमेश्वरकडे जा.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. हे सगळं डॉक्टरांच्या जागी नाही. दुःख लांबलं की लगेच आजार होत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी ११ या आजारांच्या यादीत दीर्घकाळ चाललेल्या शोकाचं वेगळं निदान आहे, त्यात किमान सहा महिन्यांची मर्यादा धरलीय, अमेरिकन पद्धतीत प्रौढांसाठी बारा महिने. नुसते महिने मोजून काही ठरत नाही. रोज, दिवसभर, तीच ओढ इतकी की अंघोळ-जेवण होत नाही, ते गेले हे मन मानतच नाही, जगण्यात काही उरलं नाही असं सतत वाटतं, झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने वाढवल्या जातायत, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि मरावंसं वाटत असेल तर त्याच क्षणी मुलाला फोन करा आणि टेलिमानसच्या १४४१६ वर बोला, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही, तरी नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

आता या आठवड्यात एवढंच करा. कपाट उघडून एक सुती शर्ट काढा, आवडता नाही, दुसरा. तो धुवून वाळत घाला. कापायचा नाही अजून. संध्याकाळी मुलाला व्हिडिओ कॉल करून विचारा हा शर्ट बाबांनी कधी घेतला होता आठवतंय का, आणि तो जे सांगेल ते ऐका. कात्री पुढच्या आठवड्यात, आणि टाके घालताना दोरा सारखा तुटत असेल तर सुई जरा जाड घ्या.